विष्णुपूरला राहायला जाताय? घर शोधण्याआधी बांध बघा

बँकेतली बदली, मंदिरांवरचा प्रबंध, विणकामाचा अभ्यास किंवा धृपदाचं शिक्षण, यांपैकी कशासाठी तरी मराठी माणूस पश्चिम बंगालमधल्या विष्णुपूरला वर्ष-दोन वर्षं राहायला जातो. इंटरनेटवर त्याला मिळतात फक्त मंदिरांचे फोटो. तिथं राहायचं कसं, हे कुणी सांगत नाही. पाणी कुठलं प्यायचं, घर कुठल्या पाड्यात (आळीत) घ्यायचं, विजेचं बिल तीन महिन्यांचं का येतं, रात्री मच्छरदाणी गादीखाली का खोचायची, या गोष्टी पहिल्या आठवड्यातच लागतात. त्या इथं क्रमानं दिल्या आहेत.

१. नाव आणि ठिकाण आधी पक्कं करा

विष्णुपूर नावाची गावं पूर्व भारतात बरीच आहेत. मणिपूरमध्ये या नावाचा जिल्हा आहे, कोलकात्याच्या दक्षिणेला दक्षिण २४ परगण्यात आणखी एक विष्णुपूर आहे. आपलं विष्णुपूर बांकुडा जिल्ह्यातलं, पिन कोड ७२२१२२, रेल्वेचा स्टेशन कोड व्हीएसयू. सामान पाठवताना, हॉटेल नोंदवताना, कुरिअरचा पत्ता देताना जिल्हा आणि पिन दोन्ही लिहा. नुसतं ‘विष्णुपूर, पश्चिम बंगाल’ लिहिलेलं पार्सल दुसऱ्या विष्णुपूरला जातं आणि परत यायला पंधरा दिवस घेतं.

तिथले लोक गावाला ‘बिष्णुपुर’ म्हणतात, बंगालीत ‘व’ नाही. कागदावर इंग्रजी स्पेलिंग ‘बी’नं सुरू होतं, स्टेशन कोड मात्र ‘व्ही’नं. रेल्वेच्या ॲपमध्ये नाव सापडलं नाही तर थेट कोड टाका.

महाराष्ट्रातून जायला सोपी वाट खड्गपूरवरून. मुंबईहून गीतांजली किंवा पुण्याहून आझाद हिंद पकडा, खड्गपूरला उतरा आणि मेदिनीपूर-बांकुडा-आद्रा मार्गावरची गाडी घ्या. खड्गपूर ते विष्णुपूर रेल्वेनं सुमारे ८५ किमी आहे. हावड्यापर्यंत जाऊन परत फिरलात तर ११५ किमी पुढं आणि तेवढंच मागं, असा उगाच फेरा पडतो. कोलकात्यात काही काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथून रस्त्यानं अंतर सुमारे १४० ते १५० किमी आहे आणि धर्मतळ्याहून सरकारी बस सुटतात. एक सापळा लक्षात ठेवा: खड्गपूरला लांबच्या गाड्या बऱ्याचदा उशिरा येतात, म्हणून पुढच्या गाडीसाठी मध्ये किमान तीन तास ठेवा. शेवटची गाडी चुकली तर रात्र तिथंच काढावी लागते.

२. कागदावरचं गाव वाचून घ्या

कुठल्याही लहान गावाची खरी ओळख जनगणनेच्या ‘डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक’मध्ये असते. ते जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. बांकुडा जिल्ह्याचं २०११ चं पुस्तक उतरवून घ्या आणि त्यातली ‘टाउन डिरेक्टरी’ उघडा. पाणीपुरवठ्याचा प्रकार, गटारं, दवाखान्यातल्या खाटा, शाळा, बँका, जवळचं मोठं शहर किती लांब, हे सगळं तिथं तक्त्यात मिळतं.

वाचताना एक घोळ हमखास होतो. विष्णुपूर हे नाव तीन ठिकाणी येतं: महकुमा (म्हणजे आपला उपविभाग), ग्रामीण ब्लॉक आणि शहर. तुम्हाला हवी ती ओळ ‘विष्णुपूर (एम)’ अशी असते, ‘एम’ म्हणजे म्युनिसिपालिटी. ब्लॉकचा आकडा शहराचा समजून लोक चुकीची गणितं मांडतात.

शहराचा आकडा आहे ६७,७८३ (२०११). त्याआधी २००१ मध्ये तो ६१,९४३ होता. म्हणजे दहा वर्षांत साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढ. याच काळात सगळं पश्चिम बंगाल सुमारे १३.८ टक्क्यांनी वाढलं. तुलनेसाठी पंढरपूर घ्या, तेही देवळांचं गाव: २०११ ची लोकसंख्या ९८,९२३. विष्णुपूर त्याच्या दोन-तृतीयांशाएवढं.

या संथ वाढीचा तुमच्या घरशोधाशी थेट संबंध आहे. बाहेरून येऊन राहणारे कमी, म्हणून भाड्यानं देण्यासाठी बांधलेल्या इमारती कमी. बहुतेक भाड्याची घरं म्हणजे मालकाच्याच घराचा एक मजला. एजंट आणि वेबसाइटवर अवलंबून राहिलात तर हाती काही लागत नाही. चहाच्या टपरीवर, औषधाच्या दुकानात, ऑफिसातल्या शिपायाकडे विचारलं की दोन दिवसांत चार घरं कळतात.

नवी जनगणना २०२७ ची आहे, तोवर हेच आकडे वापरायचे. सोयींची माहिती मात्र जुनी झाली आहे असं धरा: गावात सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आलं ते २०११ नंतर.

३. बांध ओळखा, गाव आपोआप कळतं

मराठीत बांध म्हणजे शेताची कड. विष्णुपूरमध्ये बांध म्हणजे मोठा तलाव. ‘आमचं घर बांधाच्या काठी’ असं कुणी म्हणालं तर पाण्याच्या काठी असं समजा. इथं राज्य करणाऱ्या मल्ल राजांनी सतराव्या शतकात हे तलाव बांधले: लालबांध, कृष्णबांध, गाँतातबांध, यमुनाबांध, कालिंदीबांध, श्यामबांध आणि पोकाबांध. पिण्याचं पाणी साठवायचं आणि किल्ल्याभोवतीचे खंदक भरते ठेवायचे, अशी दोन्ही कामं ते करत.

हे तलाव का लागले, ते जमीन बघितली की समजतं. विष्णुपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर, छोटा नागपूरचा पठारी उतार संपून गंगेचं गाळाचं मैदान सुरू होतं त्या सीमेवर आहे. जमीन जांभ्याची. कोकणातल्या माणसाला ही लाल माती, हा भोकाभोकांचा दगड बघून घरी आल्यासारखं वाटेल. तिथं त्याला ‘माकडा पाथर’ म्हणतात. पण पाऊस कोकणाच्या निम्माही नाही, वर्षाला साधारण १४०० मिमी, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जांभ्यावरून पाणी वाहून जातं. उत्तरेची द्वारकेश्वर नदी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात वाळूचा पट्टा होते. मग पाणी अडवून ठेवण्यावाचून इलाज नव्हता. चांगला कठीण दगड जवळ नाही, नदीकाठची चिकणमाती मात्र भरपूर, म्हणून देवळंही विटांची आणि भाजलेल्या मातीच्या पट्ट्यांची झाली. श्यामराय (१६४३), जोडबांगला (१६५५), मदनमोहन (१६९४) ही त्यांतली ठळक. राधाश्याम (१७५८) जांभ्याचं आहे.

आता यातून घरासाठी काय घ्यायचं:

पहिल्याच रविवारी टोटो (बॅटरीवरची रिक्षा) तीन-चार तासांसाठी ठरवा आणि सगळे बांध फिरून या. काही बांधांत स्वच्छ मोकळं पाणी आहे, काहींवर जलपर्णी पसरली आहे, काहींच्या काठावर घरं चढली आहेत. पाण्यावर जलपर्णी असेल तिथं डास जास्त. काठ बुजवून बांधलेल्या नव्या घरांत ओल येते, पावसाळ्यात जोत्यापर्यंत पाणी लागतं. लालबांधाच्या बाजूला हवा मोकळी आहे, संध्याकाळी फिरायला जागा आहे, पण बाजार लांब पडतो.

गावातला उंच-सखल भाग डोळ्यांनी कळत नाही, फरक दोन-तीन मीटरचा असतो. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर जमिनीपासून किती उंचीपर्यंत रंग फुगला आहे ते बघा. गुडघ्याच्या वर असेल तर त्या गल्लीत तळमजला घेऊ नका.

४. घर: कुठल्या पाड्यात, काय तपासून

नगरपालिकेला तिथं ‘पौरसभा’ म्हणतात. ती १८७३ ची आहे आणि शहरात १९ वॉर्ड आहेत. पण पत्ता सांगताना कुणी वॉर्ड सांगत नाही, पाडा सांगतात. आपल्याकडे पाडा म्हणजे आदिवासी वस्ती, बंगालीत पाडा म्हणजे आळी किंवा मोहल्ला. रसिकगंजला बसस्टँड, चकबाजार हा जुना बाजार, शांखारी बाजारात शंखाच्या बांगड्या करणारे, माधवगंज आणि कृष्णगंज रथयात्रेचे. एकट्यानं राहायचं असेल, गाडी नसेल, तर रसिकगंज किंवा कॉलेज रोडच्या आसपास बघा. कुटुंब असेल तर बाजारापासून दहा मिनिटांवरची आतली गल्ली बरी.

घर बघायला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा विष्णुपूर मेळा असतो, हॉटेलं भरलेली असतात आणि मालकही पाहुण्यांत गुंतलेले असतात. फेब्रुवारी किंवा जुलै चांगला. जुलैत तर घर गळतं का हे फुकटात कळतं.

तपासायच्या गोष्टी, महत्त्वाच्या क्रमानं:

पाणी कुठून येतं? मालकाला विचारा, ‘जॉल कखोन आशे?’ म्हणजे पाणी कधी येतं. पौरसभेचा नळ ठरावीक वेळीच येतो, म्हणून टाकी किती लिटरची आणि बोअरिंगची मोटर आहे का हे बघा. मग रिकामी पारदर्शक बाटली बोअरच्या पाण्यानं भरा आणि रात्रभर उघडी ठेवा. सकाळी तळाशी विटकरी गाळ दिसला तर पाण्यात लोह आहे. जमिनीतून येताना ते विरघळलेलं असतं म्हणून पाणी स्वच्छ दिसतं, हवा लागली की गंजासारखं खाली बसतं. अशा पाण्यानं पांढरे कपडे पिवळे पडतात, गीझरची कॉइल आणि फिल्टरची कँडल लवकर जाते. आंघोळीला चालतं, पिण्याला पौरसभेचं पाणी किंवा चांगला फिल्टर हवा. बांकुडा जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडही आहे. ते चवीला, डोळ्याला कळत नाही आणि उकळूनही जात नाही. मुलं लहान असतील तर बोअरचं पाणी एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

छत. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, गरम वारा सुटतो. वरचा मजला म्हणजे थेट तापलेल्या स्लॅबखाली झोपणं. वरचा सोडून मधला किंवा खालचा मजला घ्या, ओल नसेल तर.

खिडक्यांच्या कड्या. उन्हाळ्यात संध्याकाळी अचानक ‘कालबैशाखी’ येते, म्हणजे वळवाचं वादळ. पंधरा मिनिटांत आकाश काळं होतं आणि सैल कडीची खिडकी काचेसकट आपटते.

देऊळ किती जवळ आहे? हे नवख्यांच्या डोक्यातही येत नाही. गावात पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेली बरीच स्मारकं आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. भाडेकरू म्हणून तुम्हाला फरक काय? ‘तुम्ही या, मी वर अजून एक खोली आणि संडास काढून देतो’ असं मालक म्हणाला आणि घर देवळाला लागून असेल, तर ते होईल असं धरून आगाऊ रक्कम देऊ नका. जागा विकत घ्यायचा विचार असेल तर आधी हे अंतर मोजा, मग भाव विचारा.

करार. महाराष्ट्रातल्यासारखा ऑनलाइन नोंदलेला लीव्ह-लायसन्स इथं सहसा नसतो. ११ महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर करून नोटरी करतात. त्यासोबत मालकाच्या पौरसभा कराच्या ताज्या पावतीची प्रत मागून घ्या. पुढं पत्ता सिद्ध करायला नुसत्या करारापेक्षा ही जोडी जास्त कामी येते. भाडेकरूची माहिती थान्यात (पोलीस ठाण्यात) देऊन पोच घ्या.

५. वीज आणि गॅस

राज्य वीज वितरण कंपनीचं घरगुती बिल तीन महिन्यांचं एकदम येतं, आत महिन्याच्या तीन हप्त्यांच्या तारखा असतात. महिन्याच्या बिलाची सवय असलेला माणूस पहिला आकडा बघून घाबरतो, नाहीतर आधीच्या भाडेकरूचे दोन महिने स्वतः भरतो. म्हणून किल्ली घेतानाच मीटरच्या आकड्याचा फोटो तारखेसकट काढा, मालकाला पाठवा आणि तो आकडा करारात लिहून घ्या. सबमीटर असेल तर युनिटचा दर आधी ठरवा. दीड टनाचा एसी लावायचा असेल तर मीटरचा मंजूर लोड विचारा. जुन्या घरात तो एक किलोवॉटच्या आसपास असतो आणि वाढवून घ्यायचा अर्ज मालकाच्या नावानंच जातो.

गॅस दुसऱ्या राज्यात नेताना सिलिंडर उचलून न्यायचा नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करा, अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्या. ते दाखवलं की नव्या गावात त्याच ग्राहक नोंदीवर जोडणी मिळते. व्हाउचर न घेता गेलात तर नव्यानं अर्ज करावा लागतो.

६. बरोबर न्यायची कागदपत्रं

एका फायलीत, मूळ आणि तीन-तीन प्रती:

– आधार, पॅन, आणि दहा पासपोर्ट फोटो
– बदलीचा आदेश किंवा संस्थेचं प्रवेशपत्र
– गॅसचं टर्मिनेशन व्हाउचर
– मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला. राज्य बदलत असल्यानं त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आधीच घ्या. ती राहिली तर एका सहीसाठी परत महाराष्ट्रात यावं लागतं.
– शिधापत्रिकेची प्रत. ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेत आधारच्या ठशावर तिथल्या दुकानात धान्य मिळतं.
– गाडी नेणार असाल तर आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, विमा, पीयूसी

गाडीबद्दल स्पष्ट सांगते: वर्ष-दोन वर्षांसाठी नेऊ नका. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथं पुनर्नोंदणी करावी लागते, रस्ता कर तिथं भरायचा आणि महाराष्ट्रातला परतावा मागत बसायचा. गाव सपाट आहे, सायकल पुरते.

मतदार यादीत पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म ८ भरा. फॉर्म ६ नव्या मतदारांचा आहे. तो भरला की नाव दोन ठिकाणी येतं.

७. भाषा: सारखे शब्द जपून वापरा

हिंदी बाजारात चालते, घरमालकिणीशी आणि पौरसभेच्या खिडकीवर चालेलच असं नाही. बंगाली शिकायला मराठी माणसाला फार वेळ लागत नाही, पण सारखे दिसणारे शब्द दगा देतात.

‘काकू’ म्हणजे तिथं काका. घरमालकाच्या बायकोला ‘काकू’ म्हटलंत तर ती गोंधळून नवऱ्याकडे बघेल. तिला ‘काकिमा’ म्हणा, वयस्क असेल तर ‘माशिमा’. ‘माशी’ म्हणजे मावशी, आणि घरकामाला येणाऱ्या बाईलाही माशीच म्हणतात. दुकानदाराला ‘दादा’, त्याच्या बायकोला ‘बौदि’. ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न: ‘चेष्टा कोरबो’ म्हणजे ‘प्रयत्न करीन’, थट्टा नाही. ‘आदर’ म्हणजे लाड, ‘शिक्खा’ म्हणजे शिक्षण. ‘चाल’ म्हणजे तांदूळ. पाण्याला ‘जॉल’ म्हणा.

पाठ करायची तीन वाक्यं: ‘कोतो?’ (केवढ्याला?), ‘कोथाय?’ (कुठं?), आणि सगळ्यांत उपयोगाचं, ‘एकटू आस्ते बोलबेन?’ (जरा सावकाश बोलाल का?). मोठ्यांशी आणि अनोळखी माणसाशी नेहमी ‘आपनि’. ‘तुमि’ हे आपल्या ‘तुम्ही’सारखं ऐकू येतं, पण ते ‘तू’च्या जवळचं आहे. मराठी माणूस नेमका इथंच घसरतो.

अजून एक गोष्ट. तुम्ही महाराष्ट्रातले हे कळलं की कुणीतरी ‘बर्गी’ हा शब्द काढेल. तो आपल्याच ‘बारगीर’वरून आलेला. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले आणि त्या स्वाऱ्यांच्या लुटीची आठवण बंगालच्या अंगाईगीतांतही उरली आहे. विष्णुपूरमध्ये लोक सांगतात की राजा गोपालसिंहानं प्रजेला मदनमोहनाचा धावा करायला लावलं आणि देवानं स्वतः दलमादल तोफ डागून मराठ्यांना परतवलं. ती लोखंडी तोफ आजही लालबांधाच्या वाटेवर चौथऱ्यावर आहे, पावणेचार मीटरहून लांब. कुणी ही गोष्ट सांगायला लागलं तर शेवटपर्यंत ऐका. ती रागानं सांगत नाहीत, आपल्या देवाच्या प्रेमानं सांगतात. वाद घालण्यासारखं त्यात काही नाही, आणि आपल्या पूर्वजांच्या स्वारीची आठवण दुसऱ्या बाजूनं ऐकायला मिळणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

८. बाजार आणि स्वयंपाक

भाजी-मासळीचा बाजार सकाळचा. नऊनंतर गेलात तर चांगला माल उरत नाही. दुपारी बरीच दुकानं बंद असतात, संध्याकाळी पुन्हा उघडतात. बँक, पोस्ट सोडून बाकी कामं दुपारी ठेवू नका.

शाकाहारी असाल तर ‘निरामिष’ म्हणा. पण बंगाली घरात निरामिष म्हणजे बहुधा कांदा-लसूणही नाही, आणि खानावळीत ‘भाजी’ला माशाची कढई चालते, म्हणून दोन्ही विचारा. इथलं रोजचं जेवण म्हणजे भात, बिउलीर डाल (उडदाचं वरण, बडीशेप घालून) आणि आलू पोस्तो. पोस्तो म्हणजे वाटलेली खसखस. महाग आहे, पण बांकुड्यात पाहुण्याला ती करतातच. न्याहारीला मुडी म्हणजे मुरमुरे, घुगनी (वाटाण्याची उसळ) किंवा आलूच्या चॉपबरोबर.

ज्वारी-बाजरीचं पीठ गावात सहज मिळत नाही. तीन महिन्यांचं न्या. पावसाळ्यात कीड लागते, म्हणून पीठ नको, ज्वारीच न्या आणि छोटी घरघंटी ठेवा. तूरडाळीला ‘अडहर’ म्हणतात. शेंगदाण्याचं तेल मोहरीच्या तेलाइतकं सर्रास नाही.

मोतीचूर लाडू मात्र तिथलाच खा. तो परंपरेनं पियालच्या बियांच्या पिठाचा करतात, म्हणजे आपल्या चारोळीच्या झाडाचा. दुकानात ‘पियालचा की बेसनाचा’ हे विचारून घ्या.

९. दवाखाना, साप, हत्ती

नेहमीच्या आजाराला गावातलं सरकारी हॉस्पिटल पुरतं. गंभीर असेल तर बांकुडा सम्मिलनी मेडिकल कॉलेज, सुमारे ३५ किमीवर, राष्ट्रीय महामार्ग १४ वरून. रात्री जायची वेळ आली तर कुणाची गाडी मिळेल हे पहिल्याच आठवड्यात ठरवून ठेवा.

सापाचं नीट वाचा. पावसाळ्यात मण्यार घरात येते. तिला तिथं ‘कालाच’ म्हणतात. ती रात्री फिरते, जमिनीवर किंवा सैल अंथरुणात शिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक की पुष्कळदा खूण दिसत नाही, सूज नाही, दुखत नाही. पहाटे पोटात किंवा घशात दुखायला लागतं, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, जीभ अडखळते. माणूस ‘काहीतरी बाधलं’ म्हणून पडून राहतो आणि वेळ जातो. पावसाळ्यात पहाटे उठल्यावर पापण्या उघडत नसतील तर साप दिसला नसला तरी थेट हॉस्पिटल. हातपाय करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, ओझाकडे (मांत्रिकाकडे) थांबू नका. माणसाला शक्यतो हलू न देता न्या.

प्रतिबंध साधा आहे. पलंगावर झोपा. मोशारी (मच्छरदाणी) लावा आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचा. नुसती सोडलेली मोशारी डास अडवते, साप अडवत नाही. अंधारात टॉर्चशिवाय पाय खाली टाकू नका. घराच्या भिंतीला लागून विटा, लाकडं रचू नका.

हत्ती. कोतुलपूर-आरामबागच्या रस्त्यावर जयपूरचं सालवन लागतं. भात पिकतो तेव्हा, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून थंडीत, झारखंडातल्या दलमाच्या डोंगरांकडून आलेले कळप या पट्ट्यात असतात. दिवसा बस बिनधास्त घ्या. दुचाकीनं संध्याकाळनंतर त्या जंगलातून जाऊ नका. रस्त्यात लोक मशाली घेऊन उभे दिसले तर ती ‘हुला पार्टी’, हत्ती हाकणारी माणसं. ते थांबा म्हणाले की थांबा, हॉर्न वाजवू नका, दिवा चमकवू नका.

१०. वर्षाचं गणित

कागदोपत्री कामं दुर्गापूजेच्या आधी महिनाभर संपवा. पूजेपासून कालीपूजेपर्यंत कार्यालयांत सलग माणूस भेटणं अवघड. इथं तर राजवाड्याच्या मृण्मयी देवीची पूजा इतर बंगालपेक्षा आधीच, कृष्ण (वद्य) नवमीला सुरू होते. ‘पूजा अजून पंधरा दिवस लांब आहे’ हे गणित चुकतं.

ऑगस्टमध्ये मनसा या सापांच्या देवीचा झापान उत्सव, आषाढात रथ आणि उलटा रथ, दशमीनंतर मुखवटे घातलेला रावणकाटा नाच. या दिवसांत चकबाजार, माधवगंज भागात टोटो शिरत नाही. घर त्या गल्लीत असेल तर गॅस, पाण्याचे कॅन आदल्या दिवशी आणा.

रासमंच या जुन्या वास्तूचं तिकीट काढलं की जपून ठेवा, श्यामराय आणि जोडबांगलाला तेच दाखवायचं असतं. पाहुणे महाराष्ट्रातून येणार असतील तर त्यांना नोव्हेंबर किंवा जानेवारीत बोलवा. मेळ्याचा डिसेंबरचा आठवडा टाळा, नाहीतर त्यांची खोली दोन महिने आधी नोंदवा.

आणि लहान मूल किंवा हृदयाचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर अष्टमीच्या संधिपूजेची (अष्टमी संपून नवमी लागतानाच्या पूजेची) वेळ आधी विचारून ठेवा. त्या क्षणी मूर्छा टेकडीवरून तोफ डागतात. जुन्या भागातल्या घरांच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हणून ती थोडी उघडी ठेवतात.